मराठी मीडियममधून आलात आणि फार्माकॉलॉजीचं इंग्रजी डोक्यावरून जातंय? मग असं वाचा

डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कसं काम करतात तो विषय, येतं आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेली बरीच पोरं-पोरी तिथंच हबकतात. पान उघडलं की दर ओळीत एक अनोळखी शब्द, मग गाईड आणायचं, त्यातली उत्तरं पाठ करायची, आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की सगळं अडकतं. बी.फार्म आणि नर्सिंगवाल्यांचंही थोड्याफार फरकाने हेच चाललेलं असतं. यात हुशारीचा काही संबंध नाहीये हे आधी डोक्यातून काढून टाका, कुठले शब्द आधी पकडायचे आणि कसे पकडायचे हे कुणी नीट सांगितलेलं नसतं एवढंच.

सगळे घाबरतात त्या लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्दांना. पण ते शब्द ठरलेल्या तुकड्यांचे बनलेले असतात, तुकडे कळले की ते आपोआप सुटतात. खरा घोटाळा करतात ते छोटे, ओळखीचे वाटणारे शब्द, कारण त्यांचा अर्थ आपल्याला माहितीय असं समजून आपण पुढे जातो. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू.

ओळखीचे दिसणारे पण वेगळा अर्थ असलेले शब्द

ॲडमिनिस्ट्रेशन म्हटलं की आपल्याला प्रशासन आठवतं. इथं त्याचा अर्थ औषध देणं, आणि रूट ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे कुठल्या वाटेने दिलं, तोंडाने, शिरेतून, स्नायूत, जिभेखाली वगैरे. विथड्रॉवल म्हणजे औषध थांबवणं, आणि विथड्रॉवल सिम्प्टम्स म्हणजे ते एकदम थांबवल्यावर होणारा त्रास. टॉलरन्सला डिक्शनरीत सहनशीलता लिहिलेलं असेल पण इथं अर्थ असा की तेच औषध वारंवार घेऊन त्याचा असर कमी होत जातो आणि पहिल्याइतका असर यायला डोस वाढवावा लागतो. इंडिकेशन म्हणजे औषध कशासाठी द्यायचं ते, कॉन्ट्राइंडिकेशन म्हणजे कुणाला द्यायचं नाही ते. ड्रग हा शब्द बातम्यांमध्ये नशेसाठी येतो, पुस्तकात मात्र साधं पॅरासिटामॉलसुद्धा ड्रगच.

ॲक्यूट या शब्दावर जरा थांबा कारण इथं आपल्या शब्दकोशामुळेच गडबड होते, तिथं 'तीव्र' असा अर्थ दिलेला असतो. ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं आणि थोड्या काळाचं. त्याच्या विरुद्ध क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. आजार किती जोराचा आहे हे सांगायला माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे वेगळे शब्द आहेत. साधी सर्दी ॲक्यूट असते पण सिव्हिअर नसते, आणि क्रॉनिक दमा सिव्हिअर असू शकतो. म्हणजे एक जोडी वेळेची आहे आणि दुसरी जोराची, दोन्ही वेगळं ठेवा.

मग येतात पोटन्सी आणि एफिकसी. हे दोन शब्द व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास विचारतात आणि बहुतेक जण दोन्हीचं उत्तर 'औषधाची ताकद' असं देतात. पोटन्सी म्हणजे ठराविक असर यायला किती कमी डोस लागतो, एफिकसी म्हणजे जास्तीत जास्त किती असर होऊ शकतो. लघवी वाढवणाऱ्या औषधांचं उदाहरण घ्या. फ्युरोसेमाइड ४० एमजी तोंडाने दिलं की जेवढा असर होतो साधारण तेवढा ब्युमेटॅनाइडच्या १ एमजीत होतो, म्हणजे ब्युमेटॅनाइड जवळपास ४० पट पोटंट. पण दोघांचा कमाल असर सारखाच, म्हणजे एफिकसी सारखी. आता हायड्रोक्लोरोथायझाइड घ्या, त्याचा डोस कितीही वाढवला तरी फ्युरोसेमाइडएवढी लघवी होत नाही, एका मर्यादेवर असर थांबतो, याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. त्याची एफिकसीच कमी. हे एक उदाहरण नीट डोक्यात बसलं की दोन्ही शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

हाफ-लाइफ आणि क्लिअरन्स हेही असेच. हाफ-लाइफ म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. १०० चं ५०, ५० चं २५, मग १२.५, मग ६.२५, असं चालतं. पॅरासिटामॉलची हाफ-लाइफ साधारण २ ते ३ तास म्हणून ते दिवसातून तीन-चारदा घ्यावं लागतं आणि अॅम्लोडिपिनची ३० ते ५० तास म्हणून बीपीची ती गोळी दिवसातून एकदाच. रोज घेतलेलं औषध रक्तात एका पातळीवर स्थिर व्हायला साधारण ४ ते ५ हाफ-लाइफ लागतात, ती स्टेडी स्टेट, आणि तेवढा वेळ थांबायला सवड नसेल तर सुरुवातीला मोठा डोस देतात तो लोडिंग डोस. बघा, एक शब्द धरला तर मागून दोन आले. क्लिअरन्सचा दुकानातल्या सेलशी संबंध नाही, ठराविक वेळात किती प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) औषधापासून पूर्ण मोकळा झाला ते माप आहे, म्हणून त्याचं एकक मिलिलिटर प्रति मिनिट असतं. एकक बघत जा, बऱ्याचदा व्याख्या तिथंच लपलेली असते.

शाळेतलं मराठी विज्ञान फेकून देऊ नका

शोषण, चयापचय, उत्सर्जन हे शब्द तुम्ही शाळेत शिकलात ना? मग फार्माकोकायनेटिक्सचं निम्मं काम झालेलं आहे. ॲब्सॉर्प्शन म्हणजे शोषण, डिस्ट्रिब्युशन म्हणजे रक्तातून शरीरभर पसरणं, मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय, एक्स्क्रीशन म्हणजे उत्सर्जन. शरीर औषधाचं काय करतं ते फार्माकोकायनेटिक्स, औषध शरीराला काय करतं ते फार्माकोडायनॅमिक्स. कायनेटिक म्हणजे हालचालीचं, डायनॅमिक हा ग्रीक ताकदीवरून आलेला शब्द, म्हणजे एकात औषधाचा प्रवास आहे आणि दुसऱ्यात औषधाचं काम. मेटाबॉलिझम समोर आलं की मनात चयापचय म्हणा, अर्थ लगेच लागतो, लिहिताना मात्र इंग्रजीच लिहा. फक्त एक्स्क्रीशन आणि सिक्रीशन यांची गल्लत करू नका, दुसरा म्हणजे स्राव, पोटातलं ॲसिड सिक्रीट होतं. आणि ॲब्सॉर्ब-ॲड्सॉर्ब यात एकाच अक्षराचा फरक आहे, ॲक्टिव्हेटेड चारकोल पोटातलं विष स्वतःच्या पृष्ठभागावर चिकटवून धरतो, ते ॲड्सॉर्प्शन.

फर्स्ट पास हा शब्द इथंच समजून घ्या. तोंडाने घेतलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं आणि तिथं त्याचा बराच भाग मोडला जाऊ शकतो, मग उरलेलं शरीरात पोचतं. म्हणून छातीत दुखायला लागल्यावर सॉर्बिट्रेट गिळायची नसते, जिभेखाली ठेवायची असते. आपल्याकडे कितीतरी घरात आजोबांच्या खिशात ही गोळी असते, तिच्यावर सबलिंग्वल असा शब्द दिसला की सब म्हणजे खाली आणि लिंग्वल म्हणजे जिभेचं, झालं.

वाक्य कसं फोडायचं

शब्द येतात पण वाक्य कळत नाही ही तक्रार फार असते. कारण आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत मधे, आणि फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात तर बहुतेक वाक्यं 'केलं जातं' छापाची असतात. तेव्हा वाक्य डावीकडून उजवीकडे शब्दाशब्दाने वाचू नका, आधी क्रियापद शोधा. हे वाक्य बघा: प्रोप्रॅनोलॉल इज कॉन्ट्राइंडिकेटेड इन ब्रॉन्कियल ॲस्थमा ॲज इट ब्लॉक्स बीटा-टू रिसेप्टर्स अँड मे प्रेसिपिटेट ब्रॉन्कोस्पॅझम. क्रियापदं तीन. पहिलं 'देऊ नये', दुसरं 'अडवतं', तिसरं प्रेसिपिटेट. हे तिसरं केमिस्ट्रीत साका बसण्यासाठी वापरतात, इथं अर्थ आहे एखादा त्रास अचानक सुरू करणं. आता जोडा: प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला देऊ नये कारण ते बीटा-टू रिसेप्टर (पेशीवरची औषध बसायची जागा) अडवतं आणि त्यामुळे श्वासनलिका आवळू शकते. 'मे' म्हणजे होऊ शकतं, होतंच असं नाही, हा छोटा शब्द कधी सोडू नका.

याच्यातच ॲगोनिस्ट-अँटॅगोनिस्टही कळून जातं. दम्याचा जो पंप असतो त्यातलं साल्ब्युटामॉल त्याच बीटा-टू रिसेप्टरवर बसतं पण त्याला चालू करतं, श्वासनलिका मोकळी होते, ते ॲगोनिस्ट. प्रोप्रॅनोलॉल तिथंच बसतं पण काहीच सुरू करत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही, ते अँटॅगोनिस्ट.

क्रियापदांची वेगळी वही करा असं मी आवर्जून सांगेन, नामांपेक्षा ती जास्त कामाची आहे. इन्हिबिट म्हणजे काम रोखणं, इंड्यूस म्हणजे घडवून आणणं किंवा एन्झाइमच्या बाबतीत वाढवणं, पोटेन्शिएट म्हणजे दुसऱ्या औषधाचा असर वाढवणं, एक्झॅसरबेट म्हणजे असलेला आजार बळावणं, अटेन्युएट म्हणजे सौम्य करणं, टायट्रेट म्हणजे असर बघत बघत डोस हळूहळू ठरवणं. आणि कारण-परिणामाची दिशा दाखवणाऱ्या शब्दांपुढे बाण काढायची सवय लावा. 'ए लीड्स टू बी' यात बाण पुढे, 'ए इज ड्यू टू बी' यात बाण उलटा. 'सेकंडरी टू' वाचून लोक 'दुय्यम' असं समजतात, त्याचा अर्थ 'च्यामुळे झालेलं', ॲनिमिया सेकंडरी टू ब्लड लॉस म्हणजे रक्त गेल्यामुळे झालेला ॲनिमिया. 'रिड्यूस बाय' आणि 'रिड्यूस टू' यात तर जीव अडकलेला असतो. १०० एमजीचा डोस २५ टक्क्यांनी कमी करा म्हटलं तर ७५ उरतात, २५ टक्क्यांवर आणा म्हटलं तर २५. मराठीत आपण 'ने' आणि 'वर' बरोबर वेगळं वापरतो, तोच फरक आहे.

औषधांची नावं शेवटाकडून वाचा

जागतिक आरोग्य संघटना औषधांची जेनेरिक नावं ठरवते, त्यांची पहिली यादी १९५३ मध्ये आली, आणि एकाच गटातल्या औषधांच्या नावात सारखा तुकडा ठेवायचा अशी पद्धत आहे. म्हणून नाव शेवटाकडून वाचायचं. शेवटी 'ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर, जसं ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. 'प्रिल' असेल तर एसीई इन्हिबिटर, म्हणजे एसीई नावाचं एन्झाइम रोखणारी बीपीची औषधं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, यांनी कोरडा खोकला येऊ शकतो. 'सार्टन' म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टनवाला बीपीचा गट. 'डिपिन' कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. 'ग्लिप्टिन' आणि 'ग्लिफ्लोझिन' डायबेटिसचे, 'फ्लॉक्सासिन' अँटिबायोटिक, 'सेट्रॉन' उलटी थांबवणारं, म्हणजे ऑन्डॅन्सेट्रॉन.

'झोसिन' या तुकड्यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन हे अल्फा-वन ब्लॉकर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर हेच प्राझोसिन वापरून कोकणातले रुग्ण वाचवले. विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलामाइन्सचा (ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा) लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात म्हणजे व्हॅसोकन्स्ट्रिक्शन, बीपी चढतं म्हणजे हायपरटेन्शन, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी साठतं म्हणजे पल्मनरी इडिमा. प्राझोसिन अल्फा-वन रिसेप्टर अडवतं, रक्तवाहिन्या सैल होतात, व्हॅसोडायलेशन. एक विंचू चावलेला माणूस डोळ्यासमोर आणलात तर अख्ख्या धड्यातले शब्द एका ओळीत लागतात, आणि ही गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्यातली आहे, परदेशातून आणावी लागत नाही. प्राझोसिनच्या पहिल्याच डोसनंतर उभं राहिल्यावर बीपी एकदम पडू शकतं, त्याला फर्स्ट डोस इफेक्ट म्हणतात, तो वरच्या फर्स्ट पासपेक्षा पूर्ण वेगळा.

तुकडे कळले म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ॲटॉरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलचं आणि निस्टॅटिन बुरशीवरचं, त्याचं नाव न्यूयॉर्क स्टेटवरून आलंय. पॅन्टोप्राझोल ॲसिडिटीचं, पण ॲरिपिप्राझोल मानसिक आजाराचं. शेवटी नुसतं 'अझोल' ऐकून काहीच ठरवू नका, फ्लुकोनाझोल बुरशीवर, मेट्रोनिडाझोल अमिबावर, अल्बेंडाझोल जंतावर, म्हणून अझोलच्या आधीचे दोन-तीन अक्षरंही बघायची. 'मायसिन' तर गट सांगतच नाही, ते अँटिबायोटिक स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंशी नातं असलेलं आहे एवढंच सांगतं. ॲझिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि व्हॅन्कोमायसिन हे तिन्ही वेगळ्या गटातले.

तुकड्यांच्या बाबतीत बाकी थोडक्यात. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आणि ही जोडी ऐकताना सर्वात धोकादायक, हायपरग्लायसेमिया आणि हायपोग्लायसेमिया यांचे उपचार एकदम उलट. फोनवर कुणी सांगितलं तर 'शुगर वाढलीय का कमी झालीय' असं साध्या मराठीत विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही. शेवटी 'एमिया' म्हणजे रक्तातलं, 'युरिया' म्हणजे लघवीतलं, कॅलियम म्हणजे पोटॅशियम म्हणून हायपोकॅलेमिया. एकाच अवयवाला ग्रीक आणि लॅटिन अशी दोन नावं चालतात, किडनीला नेफ्रो आणि रीनल दोन्ही. ॲड्रेनॅलिन लॅटिनमधून आणि एपिनेफ्रिन ग्रीकमधून, दोन्ही किडनीजवळच्या ग्रंथीवरून, औषध एकच.

हे शेवटचं यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवाच. ते ॲसिटामिनोफेन म्हणतात ते आपलं पॅरासिटामॉल, ॲल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन, रिफॅम्पिन म्हणजे रिफॅम्पिसिन, ग्लायब्युराइड म्हणजे ग्लिबेनक्लामाइड. स्पेलिंगही बदलतं, इडिमा आपल्याकडच्या पुस्तकात ओ पासून सुरू होतो आणि अमेरिकन पुस्तकात ई पासून, त्यामुळे मागच्या सूचीत शब्द सापडला नाही तर दुसरं अक्षर बघा.

सराव घरातल्या स्ट्रिपवर

महागडं काही लागत नाही. घरात जी काही औषधं आहेत त्यांची स्ट्रिप आणि खोक्यातला घडी केलेला कागद रोज एक वाचा. 'ईच फिल्म कोटेड टॅब्लेट कंटेन्स' पासून सुरुवात करा. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, क्यूएस म्हणजे पुरेसं होईल तेवढं, एन्टेरिक कोटेड म्हणजे पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारी, म्हणून ती तोडायची-कुटायची नाही. एमजी आणि एमसीजी यात १००० पटीचा फरक आहे, थायरॉइडच्या गोळ्या एमसीजीत असतात, तिथं बोट ठेवून वाचा. चिठ्ठीवरचं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

मग त्या कागदावरचे ॲडव्हर्स इफेक्ट्स घ्या आणि प्रत्येकापुढे पेशंट काय म्हणेल ते लिहा, कारण उद्या काउंटरवर तुमच्याशी कुणी इंग्रजीत बोलणार नाहीये. नॉशिया म्हणजे मळमळ, हार्टबर्न म्हणजे छातीत जळजळ (हृदयाशी संबंध नाही, ॲसिडचं आहे), पाल्पिटेशन म्हणजे धडधड, टिंगलिंग म्हणजे मुंग्या येणं, नम्बनेस म्हणजे बधिरपणा, मसल क्रॅम्प म्हणजे पोटरीत गोळा येणं, फटीग म्हणजे थकवा. ड्राउझिनेस आणि डिझिनेस वेगळे ठेवा, पहिल्यात झापड येते, दुसऱ्यात चक्कर येते, आणि आजी दोन्हीला 'गरगरतंय बाळा' म्हणू शकतात, तेव्हा 'झोप येतेय का तोल जातोय' असं विचारायचं. पेडल इडिमा म्हणजे पायावर सूज, अॅम्लोडिपिन घेणारे काका 'चप्पल घट्ट व्हायला लागलीय' असंच सांगतील, ते ऐकून तुमच्या डोक्यात तो इंग्रजी शब्द आला पाहिजे. आणि उलटही. स्टेरॉइडच्या इनहेलरच्या कागदावर 'रिन्स द माउथ आफ्टर यूज' असेल तर सांगायचं, 'काका, पंप ओढून झाला की लगेच चूळ भरा, पाणी गिळू नका, थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.'